फुंकरीएवढा रेटा

बाबांनी बनवलेलं यान नऊ वर्षांपासून दूरच्या लघुग्रहाकडे चाललं होतं. त्याच्या आयन इंजिनाचा रेटा फुंकरीएवढा, पण चिमूटभर इंधन वर्षानुवर्षं पुरायचं. पोचायला अजून सहा वर्षं होती.

बाबा निवृत्त झाले आणि त्यांच्याच संस्थेत लेकीने त्याहून सरस इंजिन तयार केलं. तिचं यान पुढच्या वर्षी निघून चारच वर्षांत तिथे पोचणार होतं. बाबा साऱ्या इमारतीला सांगत सुटले होते.

आज ती चपला न काढताच त्यांच्यासमोर येऊन बसली.

"बाबा, एकाच ठिकाणी दोन यानं कशाला, असं वरचे म्हणतात. तुमचं उद्या बंद करायचंय. आदेश मलाच पाठवायला सांगितलाय."

 

बाबांनी तिचा हात धरला. "मला सोबत ने. तुझ्या हातून नको, मीच बंद करतो."