उलटा हातोडा

सिलिंडरमध्ये नवा पिस्टन बसवताना हातोडा उलटा धरायचा, ही बाबांची शिस्त. लोखंड मुठीत ठेवून लाकडी दांड्यानं हळूच ठोकायचं, नाहीतर पिस्टनवरची रिंग तुटते. म्हणून ताई लहानपणापासून हातोडा माझ्या हातात लोखंडाकडूनच देते. आजही ती मागे उभी राहून हातोडा देत-घेत होती. गाडी दाजींची होती. तीन पिस्टन बसले. "अरे, बाळाला थोपटतोयस काय? हाण जोरात!" दाजी खेकसले. "रिंग तुटेल," ताई म्हणाली. दाजींनी तिच्या कानाखाली अशी वाजवली की ती बाकावर आपटली आणि ओठ फुटला. "मला शिकवतेस?" मी नेहमीसारखी मान खाली घातली, चौथा पिस्टन उचलला आणि हात मागे केला. हातोडा आला नाही. दाजींची किंकाळी आली, मग ते कोसळल्याचा आवाज, मग नुसतेच ठोके. शेवटी ताईनं हातोडा लोखंडाकडूनच माझ्या हातात दिला. लोखंड ओलं होतं.