शेऱ्याखालची सही

"धनु राशीतला तो अंधुक ठिपका दुसऱ्या पहाटे पुन्हा पाहिला, तर जागचा हलला होता! तेजोमेघ असा जागा सोडत नाही. म्हटलं, हा धूमकेतूच." व्यासपीठावरून खानवलकर सर सांगत होते. सभागृह टाळ्यांनी दणाणलं. धूमकेतूला आता सरांचंच नाव लागणार होतं.

पहिल्या रांगेतल्या सुलक्षणाचे हात मात्र मांडीवरच्या वहीवरून हलले नाहीत.

अकरा वर्षं ती सरांकडे आकाशनिरीक्षण शिकत होती. पहाटे दुर्बिणीतून दिसेल ते पेन्सिलीने काढायचं आणि सकाळी वही सरांना दाखवायची, हा शिरस्ता. मार्चमधल्या एका सकाळी तिने हाच ठिपका काढून नेला होता. सरांनी चष्मा पुसून तो दोनदा पाहिला आणि लाल शाईने शेरा मारला : 'जुनाच तेजोमेघ. पुन्हा पाहण्याची गरज नाही.' सरांचा शब्द म्हणजे काळ्या दगडावरची रेघ. तिने तिकडे परत दुर्बीण वळवलीच नाही.

कार्यक्रम संपल्यावर सरांच्या सहीसाठी मुलांची रांग लागली. सुलक्षणाही रांगेत उभी राहिली. तिला पाहून सर हसले. "अगं, तुला कशाला हवी माझी सही?"

तिने वही उघडून ते पान पुढे केलं. "या शेऱ्याखाली राहून गेली होती, सर. तारखेसकट करा."

टोपण काढलेलं पेन सरांच्या हातात तसंच राहिलं. मागून एक मुलगी कुरकुरली, "करा ना सर लवकर, आम्हीपण थांबलोय."