तिसरा आवाज

"नव्या कॉम्प्युटरवर तीन ऑपरेटिंग सिस्टीम टाकून आणल्यात, काकू. प्रत्येकीचा वाचायचा आवाज वेगळा आहे. ऐका आणि सांगा, कुठली ठेवू," दुरुस्तीवाली मुलगी म्हणाली.

काकूंना दिसत नव्हतं. डॉक्टरांनी बोलून पाठवलेले रिपोर्ट त्या टाइप करत, आणि पडद्यावरचं सगळं कॉम्प्युटर त्यांना वाचून दाखवी. जुन्याने मागच्या आठवड्यात मान टाकली होती. काम तुंबलं होतं.

"काय वाचायला लावू?"

"लेकाचं पत्र लाव. कालच मेलवर आलंय, ह्यांनी मोबाइलवर पाहिलं."

लेक जहाजावर होता. तिथून फोन लागत नसे.

दुपार होती. खिडकीतून आलेलं ऊन काकूंच्या पावलांवर ऊबदार पडलं होतं. पहिला आवाज बाईचा, लोण्यासारखा. 'आई, चार दिवस झाले, चहूकडे नुसता समुद्र.' डेकवर कुणी भलतीच बाई रेलून उभी आहे, असं काकूंना वाटलं.

"मजेत दिसतेय," त्या म्हणाल्या. "पुढची लाव."

दुसरा आवाज पुरुषाचा, भारदस्त. पत्राची बातमी झाली. काकूंनी नकारार्थी मान हलवली.

तिसरी सिस्टीम फुकटातली. "हिचा आवाज अगदी पत्र्याचा आहे हं," मुलीने आधीच सांगून टाकलं.

'आ-ई, चार दि-वस झा-ले...'

काकू पुढे झुकल्या. पंख्याची घरघर कुठे तरी लांब गेली. पायाखालची फरशी हलकेच डोलल्यासारखी वाटली.

'च-हू-कडे नुस-ता स-मुद्...' आवाज अडला. '...र.'

"छे, ही नकोच," शेजारी बसलेले काका म्हणाले. "दिवसभर ऐकून डोकं उठेल तुझं. त्या बाईचा आवाज काय वाईट आहे?"

"श्श!" काकू पुटपुटल्या. "जोडाक्षराशी अडलाय. घाई नका करू त्याला. आत्ता कुठे वाचायला शिकतोय."

मुलगी गोंधळून काकांकडे पाहू लागली. काकांनी तिला हातानेच थांबवलं. मग तेही खुर्चीत मागे टेकले आणि त्यांनी डोळे मिटून घेतले.

पत्र ठेचकाळत पुढे चाललं. 'का-ळ-जी क-रू न-को.'

काकूंचा हात खुर्चीबाहेर गेला आणि सहा वर्षांच्या पोराच्या डोक्याइतक्या उंचीवर, हवेतच, अलगद थांबला.