अंगणातली कळलावी

"अक्का, उपटा ते आधी! घरात कळलावी लावतंय का कुनी?" शेजारची नीलाबाई कुंपणावरून ओरडली.

गंगम्मानं तिच्याकडं लक्षच दिलं नाही. शेवग्याच्या खोडाला धरून चढलेल्या वेलाला आज पहिलं फूल आलं होतं. पाकळ्या बुडाशी पिवळ्या, टोकाला लाल, चुलीतल्या जाळासारख्या वर वळलेल्या. दोन पावसाळे वाट पाहून आलेलं फूल कोण उपटतं!

अहमदपुरात शेंबडं पोरही सांगेल, कळलावी रानातच बरी. अंगणात आली की घरात भांडण लागतं. लोक तिला भितात ते एवढ्यासाठी, आणि गंगम्मानं गुराख्याला सांगून डोंगरातून कंद मागवला होता तोही एवढ्यासाठीच.

कारण तिच्या घरातलं भांडण हरवलं होतं. महादेवप्पांचं मोंढ्याच्या बाजारात दुकान होतं तेव्हा या नवराबायकोचं रोज वाजायचं. मिठावरून, पंख्यावरून, काहीच नसलं तर कालच्या भांडणावरून. मग मुलानं दुकान लातूरला नेलं आणि महादेवप्पा ओसरीवर बसले. गंगम्माला वाईट वाटलं. दुखावलेल्या माणसाशी काय भांडायचं, म्हणून तिनं जीभ आवरली. मीठ कमी आहे म्हणाले की मुकाट्यानं मीठ आणून ठेवायची. हळूहळू त्यांनी मीठ कमी म्हणायचंही सोडलं. सकाळी डोंगराकडं फिरून यायचं, साबणानं खसखसून हात धुवायचे आणि गप्प बसायचं. एवढा बोलका माणूस आतल्या आत विझत चाललाय, या विचारानं तिला घास गोड लागेना.

पहिल्या वर्षी कंद सडला. यंदा तिनं नवा कंद लिंबोणीखाली पुरला आणि रोज तांब्याभर पाणी घातलं. कोंब आला तो मात्र पार तिकडं, शेवग्याच्या बुडाशी. कंदच तो, सरकला असेल जमिनीतून, असं म्हणून तिनं तांब्या तिकडं वळवला.

"अप्पा, तुमी तरी सांगा की अक्काला!" नीलाबाई ओसरीकडं बघून म्हणाली. "लागंल ना दोगांत!"

महादेवप्पा उठले. पायात चप्पल न घालता अंगणात आले. गंगम्मा वेलाला पाणी घालणार, तोच त्यांनी तिच्या हातातला तांब्या हिसकावला.

"किती पानी घालायलीस? ह्योबी सडवतीस का?"

गंगम्माच्या मनात लख्ख उजेड पडला. कित्येक महिन्यांत हा आवाज ऐकला नव्हता. ही संधी सोडायची नाही म्हणून तिनंही आवाज चढवला. "तुमाला काय कळतंय झाडातलं? मी लावलंय, मी बघीन."

"तू लावलेला कवाच सडला! लिंबोनीखाली उकरून बघ. ह्यो मी लावलाय. डोंगरातून मी आनलाय."

"घ्या! लागली का न्हाई?" नीलाबाई म्हणाली आणि आणखी नीट ऐकू यावं म्हणून कुंपणाला टेकली.

गंगम्मा मात्र नवऱ्याकडं बघतच राहिली. "तुमी? तुमी कशापाई आनला?"

महादेवप्पांचा आवाज एकदम खाली आला. ते फुलाकडं बघत बोलले, "दुकान गेलं त्याचं काय न्हाई गं. पर तू भांडायचं सोडलीस. तवा वाटलं, आता हिच्या लेखीबी आपन कुनी न्हाई."

गंगम्माचे डोळे भरून आले. तिनं ते पदरानं पुसले. मग कमरेवर हात ठेवून, अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात ती म्हणाली, "अन् लावायला माझ्या शेवग्याचंच बूड सापडलं व्हय तुमाला?"