मुठीतली ऊब

दारूगोळ्याच्या कारखान्यात तीस वर्षं बंदुकीच्या गोळ्यांना मेण चोपडलं. थंडीत ते गोठायचं. कोणी डबा बल्बखाली धरायचं, कोणी चहाच्या किटलीवर ठेवायचं. घरीही तेच. कुंकू लावताना बायको मेणाची डबी पुढे करायची, “अहो, दगड झालंय. कारखाना चालू करा!” मी डबी मुठीत धरून बसायचो. आम्ही दोघं दुबईला मुलाकडे आलो आणि डिसेंबरमध्ये बायको गेली. मेणावर तिच्या बोटाचा खळगा राहिला. आता जून. मुलगा-सून ऑफिसला गेले की घरात मी आणि ती डबी. आज सून लवकर आली. मला शालीत कुडकुडताना बघून ओरडली, “बाबा, एसी सोळावर? तब्येत बिघडेल! बंद करते.” “नको,” मी म्हणालो, “मेण पाघळलं तर तिचं बोट बुजेल.” सुनेने रिमोट खाली ठेवला. सवयीने माझी मूठ डबीभोवती वळली. दचकून हात मागे घेतला.