अकोल्याची जर्सी

चेंडू बास्केटच्या बोर्डाच्या काठावर आदळला आणि थेट कुंपणाच्या जाळीपर्यंत गेला. आणायला कोणी धावलं नाही.

देवानंद सरांनी तोंडातली शिट्टी काढली. "काय म्हणाली? पुन्हा म्हण."

"यंदा मी अकोल्याच्या कॉलेजात जाऊन राहिली, सर. तिकडूनच खेळीन."

सरावाला आलेल्या मुली होत्या तिथेच थांबल्या. अमरावतीचं मे महिन्यातलं ऊन सकाळीच कोर्टावर उतरलं होतं, पण सावलीला जायचं कोणाला सुचलं नाही.

वर्षाली संघातली सर्वांत चांगली खेळाडू होती. कप्तान आचलसुद्धा ते मान्य करी. खरी कप्तान वर्षालीच व्हायला हवी होती, असं सगळ्यांना वाटे. सरांना वाटलं नव्हतं.

"कोणी फूस लावली? त्या पौर्णिमा मॅडमनं?"

"त्याईनं फक्त विचारलं, एवढी चांगली खेळते त बाकावर काहून बसते."

"तिकडची प्रशिक्षक हाये ते. विचारनच."

"इकडं कोणीच नाई विचारलं, सर."

फेब्रुवारीतल्या अंतिम सामन्याबद्दल ती बोलत होती, हे सगळ्यांना कळलं. सामना अकोल्यातच होता. वर्षालीनं बास्केटमागून बास्केट टाकल्या होत्या आणि अमरावती पुढं होती. तेवढ्यात प्रेक्षकांतून कोणीतरी मोठ्यानं शेरा मारला, "घरचीच टीम हाये हे!" मागचे चार जण हसले. सरांची मान खाली गेली. पुढच्याच मिनिटाला त्यांनी वर्षालीला बाहेर बोलावलं. बाकावर बसून तिनं स्वतःचा संघ हरताना पाहिला. नंतर विद्यापीठाच्या संघासाठी नाव सुचवायची वेळ आली, तेव्हा सरांनी आचलचं सुचवलं.

"माहं नाव काहून नाई देल्लं?"

"घोट्याले सूज होती तुह्या."

"म्या त कोणालेच सांगतलं नोतं. तुमाले कसं समजलं?"

सर शिट्टीची दोरी बोटाला गुंडाळत राहिले.

वर्षालीचा आवाज चढला. "आचलनं बास्केट टाकली का शाब्बास. ह्या खुशीनं टाकली का टाळ्या. म्या टाकली का, हात सरळ ठेव! शाळंत होती तवापासून एक टाळी नाई वाजवली तुमी माह्यासाठी."

"टाळ्यांसाठी खेळते का तू?"

"हो. टाळ्यांसाठीच."

आचल पुढं आली. "सर, बोलू का? आमच्यावर तुमी कदी एवढे चिडत नाई. हिच्यावरच काहून?"

"तुले कप्तान मधात बोलाले नाई केलं."

आचल मागं सरली. सर पुन्हा वर्षालीकडं वळले. "घरी विचारलं?"

"आईले विचारलं. म्हणे, जाय तू. फुलं तोडाले मी एकटी पुरतो."

"अन् बापाले?"

"त्याईले काय विचारू? मैदानाची गोठ घरात काढाची नाई, हे त्याईनंच सांगून ठेवलं. जेवतात अन् झोपतात."

"बाप नाई म्हणाला त?"

"तरीबी जाईन."

सरांनी गळ्यातली शिट्टी हिसडून काढली आणि सिमेंटवर आपटली. तिचे दोन तुकडे झाले. "चालती हो! उद्यापासून या कोर्टावर पाय ठेवला त मोडून ठेवीन."

खुशी रडायला लागली. वर्षाली रडली नाही. तिनं बॅग खांद्यावर टाकली. नांदगाव खंडेश्वरच्या रस्त्यावर तिच्या घरचा फुलांचा मळा होता, त्यामुळं तिच्या बॅगेला कायम झेंडूचा वास येई. मुली तिला झेंडूच म्हणत. आचलनं तिचा हात दाबला आणि वर्षाली निघाली.

सरांनी चेंडूंच्या खोलीला कुलूप लावलं. मग ते स्कूटरकडं गेले आणि सीटवर चिकटलेली झेंडूची वाळकी पाकळी तळहातानं झटकून टाकली. स्कूटर लवकर सुरू होईना. ते किका मारत राहिले, दात आवळून, जणू सगळा दोष तिचाच होता.

फाटकाबाहेर बदामाच्या झाडाखाली वर्षाली उभी होती. स्कूटर तिच्यासमोर येऊन थांबली. सरांनी तिच्याकडं पाहिलं नाही.

"बस."

ती बसली नाही. "उद्यापासून तुमी माहे सर नाई ना?"

"नाई म्हणलं ना एकडाव!"

"मंग अकोल्याची जर्सी घालून म्या बास्केट टाकली," ती म्हणाली, आणि आता मात्र तिचा आवाज फाटला, "त तवा तरी टाळ्या वाजवसान ना, बाबा?"