लाईन जायच्या आत

उजाडायच्या आधी सगळं तळं तोंड वर करून श्वास घेत होतं.

त्या आवाजानंच शालूबाई खोपीतून बाहेर आली. चप्, चप्, चप्. काठापासून पार मधल्या खडकापर्यंत मासोळ्यांची तोंडं पाण्याबाहेर आली होती. हातभर लांबीचे कटले, रोहू, त्यांच्यात दाटलेली बोटाएवढी पिल्लं. तिनं बॅटरीचा उजेड टाकला तरी एकही खाली गेली नाही.

काय झालंय ते तिला लगेच कळलं. मे संपत आला होता. तळं निम्म्याच्याही खाली गेलेलं, उरलेलं पाणी अंघोळीच्या पाण्यासारखं कोमट. त्यात दोन दिवस आभाळ भरून आलेलं आणि झाडाचं पान हलत नव्हतं. अशा पाण्यात पहाटेपर्यंत दम उरत नाही. वारा सुटला तर मासोळी वाचते, नाहीतर ऊन चढेपर्यंत उलटी होऊन तरंगते. उंद्रीजवळचं हे तळं बचत गटाच्या बायांनी ठेक्यानं घेतलं होतं. त्यांनी बीज सोडलं, पाळीपाळीनं खोपीत राहून राखण केली, आणि आता कुठं पहिलं मोठं जाळं पडायचं होतं.

तिनं सोबतच्या समताला हलवून उठवलं आणि सगळ्या बायांना घमेल्यांसकट बोलावून आणायला गावात पिटाळलं. पण गाव जवळ नव्हतं.

पलीकडच्या काठावर उत्तमरावची मोटर घुमत होती. त्या घरघरीनं शालूबाईचं डोकं फिरलं. या आठवड्यात शेतीच्या विजेची लाईन रात्रीची होती. ती सकाळी जायची, आणि तोवर उत्तमरावची मोसंबीची बाग तळं पीत राहणार होती. याच पाण्यावरून दोघांचं वाजलं होतं. तिनं चिखलीला तहसीलात तक्रार दिली होती, आणि सोमवारी दोघांनाही साहेबांपुढं उभं राहायचं होतं. तेव्हापासून रस्त्यात गाठ पडली तरी तो मान वळवून जायचा.

एकटीनं काय होणार, हे तिला कळत होतं. तरी तिनं पदर खोचला, घमेलं घेतलं आणि कमरेइतक्या पाण्यात उतरली. घमेलं भरायचं आणि डोक्यावरून उंच फेकायचं. हवेतून पडलेलं पाणी दम घेऊन पडतं, एवढंच तिला ठाऊक होतं. ती फेकत राहिली. पाणी पडायचं तिथं मासोळ्या सरकायच्या. एरवी सावली पडली तरी पळणारा जीव, पण एक भलामोठा कटला आला आणि तिच्या पोटाला डोकं टेकवून उभा राहिला. त्याचे कल्ले उघडत होते, मिटत होते. तिला भीती वाटली नाही, कीवही आली नाही. देवळात शिरल्यावर जसा आवाज बंद होतो, तसं तिच्या आत काहीतरी बंद झालं. मग तिनं पुन्हा घमेलं भरलं.

हात भरून आले तेव्हा मोटर थांबली.

पलीकडं दोन माणसं दिसू लागली होती. उत्तमराव आणि त्याचा मुलगा राजकुमार. उत्तमरावच्या हातात कुऱ्हाड होती. त्यानं बागेकडं जाणारा पाईप काठावरच तोडला. दोघांनी त्याचं तोंड ओढत आणून बाभळीच्या बेचक्यात बांधलं, तळ्याकडं वळवून. मोटर पुन्हा सुरू झाली. मांडीएवढी जाड धार वर उसळली, फुटली आणि तळ्यावर कोसळू लागली.

ज्वारीच्या उभ्या पिकावरून वारा जावा तशी मासोळ्यांची पाठ हलली. हजारो तोंडं त्या धारेकडं वळली.

उत्तमराव फोन कानाला लावून आजूबाजूच्या मळेवाल्यांना ओरडून सांगत होता. जरा वेळानं दक्षिणेकडची मोटर थांबली आणि तिथूनही धार उठली. मग तळ्याच्या बांधापाशी एक. मग स्मशानाकडच्या मळ्यातून एक. ज्या पाईपांनी उन्हाळाभर तळं उपसलं, तेच सगळीकडून त्याच्यावर पाऊस पाडत होते. समता बायांना घेऊन आली ती काठावरच थबकली. घमेली हातात तशीच राहिली.

ऊन आलं तेव्हा पाणी सपाट झालं होतं. तोंडं खाली गेली होती. काठाला पांढऱ्या पोटांची एक ओळ लागली होती, पण बाकीचं तळं जिवंत होतं. मग लाईन गेली आणि एकेक धार खाली बसली.

शालूबाई ओल्या लुगड्यानं काठाकाठानं चालत पलीकडं गेली. उत्तमराव तोडलेल्या पाईपाजवळ बसला होता. मागं मोसंबीची पानं वळून गेली होती. बागेची पाण्याची पाळी अर्ध्यावरच राहिली होती, आणि आता लाईन येईपर्यंत दिवसभराचं ऊन झाडांना असंच सोसायचं होतं. मासोळीचा दम असा परत आणतात, हे तुम्हाला कोणी सांगितलं, एवढंच तिनं विचारलं.

कोणीच नाही, असं तो म्हणाला.

"मले मासोळीतलं काही समजत नाही, शालूबाई. मी मोटर पाहाले आलो होतो. पाह्यलं तं तुमी एकट्या एवढं मोठं तळं घमेल्यानं वर उचलून राह्यल्या होत्या. मंग माझ्यानं पाणी बागेत नेववलं नाही."